माळ्यावरची माळ

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असे सेक्रेटरींनी सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी जन्मभर आकडे लिहिले, लेख कधी लिहिला नाही." ते म्हणाले, "काका, तुमच्या त्या जुन्या लायटिंगवर लिहा की!" माझ्या कपाटात जुन्या दिव्यांच्या चौदा माळा आहेत, ही बातमी बिल्डिंगभर झालेली आहेच. त्यातल्या नऊ चालू आहेत. बच्चेकंपनी मला 'लाइटवाले आजोबा' म्हणते. तर त्या माळांचा, आणि त्या निमित्ताने आपल्या भायखळ्याच्या रोषणाईचा हा थोडासा इतिहास.

विजेचे दिवे मुंबईत प्रथम लागले ते १८८२ साली, आपल्यापासून फार लांब नसलेल्या क्रॉफर्ड मार्केटमध्ये. पण दिवे लावणारी कंपनी पुढच्याच वर्षी बुडाली आणि मार्केट पुन्हा गॅसबत्तीवर आले. गंमत अशी, की त्याच १८८२ च्या डिसेंबरात तिकडे न्यूयॉर्कमध्ये एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने घरच्या ख्रिसमसच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ऐंशी विजेचे दिवे लावले. सणासाठी विजेच्या दिव्यांची आरास करण्याची सुरुवात तिथून धरतात.

मुंबईला मात्र अजून वीसेक वर्षे थांबावे लागले. १९०५ मध्ये वाडीबंदरला वीजनिर्मिती सुरू झाली, ७ मे १९०७ ला विजेची ट्राम धावली आणि मागणी वाढल्यावर १९१२ मध्ये माझगावात कसारा येथे नवे केंद्र उभे राहिले. १९१५ पासून टाटांची खोपोलीची वीज आली आणि गिरण्या त्या विजेवर चालू लागल्या. ७ ऑगस्ट १९४७ ला बेस्ट कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली. म्हणजे आठच दिवसांनी, १५ ऑगस्टला, मुंबईत जी रोषणाई झाली ती मुंबईकरांच्या स्वतःच्या मालकीच्या बेस्टने पुरवलेल्या विजेवर! माझे वडील ती रोषणाई बघायला ट्रामने बोरीबंदरला गेले होते. गर्दीत एक चप्पल हरवली, हे ते दर पंधरा ऑगस्टला सांगत.

आता आमच्या चाळीकडे येतो. ही सोसायटी उभी आहे तिथेच ती तीन मजली चाळ होती. खोलीत एक पिवळा बल्ब, लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, दाराजवळ पितळी टोपीचे काळे बटण आणि वर चिनीमातीचा कटआऊट. फ्यूज उडाला की वडील स्टुलावर चढायचे आणि मी मेणबत्ती धरायची. फ्यूजची तार कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात हातावर मोजून मिळायची. दुकानदार बल्ब विकताना आधी फळीवरच्या होल्डरमध्ये लावून दाखवायचा. दिवा लागला की मगच पैसे, आणि एकदा लागलेला बल्ब परत घेणार नाही, अशी पाटीच होती. त्या दुकानाला एक खास वास होता. रबर, बेकेलाइट आणि तापलेल्या धुळीचा. तो आता कुठेच येत नाही. आता सगळे प्लास्टिकच्या पाकिटात सीलबंद येते.

मोठी खरेदी मात्र लोहार चाळीत. क्रॉफर्ड मार्केटच्या अंगाला असलेला हा विजेच्या सामानाचा घाऊक बाजार. जिथे शहरातला पहिला विजेचा दिवा लागला, त्याच्या शेजारीच हा बाजार वाढला, याचे मला अजून कौतुक वाटते. गणपतीच्या आधी पंधरा दिवस तिथे पाऊल ठेवायला जागा नसे. मी तिथे प्रथम गेलो तो आमच्या चाळीतल्या वायरमन मामांचे बोट धरून.

मामा भायखळ्याच्याच एका गिरणीत वायरमन होते. पाळी संपली की घरी माळा बनवायचे. सहा व्होल्टचे छोटे बल्ब डझनाने आणायचे, लाल-हिरव्या लाखेत बुडवून दोरीवर वाळत टाकायचे, एकेकाला वायर डाखायची, वर सेल्युलॉइडचे कमळ नाहीतर जिलेटिन पेपर. एका माळेत अडतीस दिवे. "अडतीसच का?" असे मी विचारले, तर म्हणाले, "बाळ्या, शाळेत जातोस ना? घरात वीज दोनशे तीस, दिवा सहाचा. भाग घाल." आयुष्यात पहिल्यांदा भागाकाराचा उपयोग मला तिथे कळला.

या माळेची खोड म्हणजे एक दिवा गेला की अख्खी माळ बंद. मग मामा टेस्टर घेऊन मधोमध तपासायचे. इकडच्या अर्ध्यात दोष की तिकडच्या? मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. पाच-सहा वेळा तपासले की गेलेला दिवा हाती लागे. इतर वायरमन तो दिवा काढून दोन टोके जोडून मोकळे व्हायचे. मामा तसे करत नसत. म्हणायचे, "तीन काढलेस तर त्यांचा भार उरलेल्या पस्तिसांवर येतो. ते जास्त उजळतात, लोकांना बरे वाटते, आणि मग पटापट जातात." नवीन दिवा लावल्याशिवाय माळ त्यांच्या हातून बाहेर पडत नसे.

मामांच्या माळा भाड्याने जात आणि वर्षभर फिरत. श्रावणात लग्नसराई नाही म्हणून दुरुस्ती. मग लालबागच्या एखाद्या गल्लीत गणपतीला, पुढे नवरात्राला, दिवाळीला आमच्या चाळीच्या कठड्याला. डिसेंबरात ग्लोरिया चर्चच्या बाजूला आणि माझगावच्या म्हातारपाखाडीत चांदणीच्या आत. खिलाफत हाउसपासून ईद-ए-मिलादचा जुलूस निघायचा, त्या वाटेवर एका चहावाल्याच्या दुकानावर हीच माळ. मोरया म्हणणाऱ्यांना ठाऊक नसे की गेल्या खेपेला ती कुणाकडे होती, आणि मामांना सांगायची गरज वाटत नसे.

१९७१ च्या डिसेंबरात युद्धामुळे ब्लॅकआऊट होता. काचांना काळे कागद, रस्त्यात मिट्ट काळोख. १६ तारखेला ढाक्यात शरणागती झाली आणि काळोख उठला, त्यानंतर थोड्याच दिवसांत नाताळ. त्या वर्षी मामांनी चर्चच्या गल्लीतल्या लोकांकडून भाडे घेतले नाही. त्यांनी बदल्यात आमच्या चाळीत केक वाटला.

मामांची खरी करामत म्हणजे पळती लायटिंग. तेव्हा इलेक्ट्रॉनिक सर्किट कुठले! त्यांनी गिरणीतल्या मोडक्या लाकडी बॉबिनवर पितळी पट्ट्या ठोकल्या, जुन्या टेबलफॅनच्या मान हलवणाऱ्या गिअरवर ती बसवली आणि पट्ट्यांना घासतील अशा तांब्याच्या तारा लावल्या. ड्रम फिरे, चार माळा आळीपाळीने लागत, आणि दिवे पळताहेत असे वाटे. बारीक ठिणग्या उडायच्या. आम्ही पोरे मखरापेक्षा त्या ठिणग्याच बघत बसायचो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, तो पुन्हा पहिल्यासारख्या चालू न होण्यासाठीच. पुढच्या वर्षी मामा माझ्याकडे बँकेत आले. मी तेव्हा नुकताच अधिकारी झालो होतो. जिन्याखालच्या जागेत दुकान टाकायचे, माल भरायला पाच हजार हवेत. अर्ज नीट भरलेला होता. जामीनदार दोन, पण दोघेही गिरणी कामगार. पगाराची पावती कुठून आणणार? जागेचा कागद नाही, चाळमालकाचा तोंडी होकार. नियमात अर्ज बसत नव्हता, हे खरे. पण हा माणूस मी लहानपणापासून पाहिला आहे, त्याच्या कामाची मी खात्री देतो, अशा दोन ओळी टिप्पणीत लिहून अर्ज वर पाठवणे माझ्या हातात होते. मी लिहिल्या नाहीत. नवे प्रमोशन होते, उद्या खाते बुडाले तर माझ्यावर येईल अशी भीती वाटली. अर्ज परत केला. मामा म्हणाले, "बरं साहेब." तोपर्यंत मी 'बाळ्या' होतो.

त्या दिवाळीत त्यांनी नेहमीप्रमाणे आमच्या दारावर माळ लावली. मी पैसे देऊ लागलो, ते घेतले नाहीत. दोन-तीन वर्षांनी ते कोकणात गावी गेले. जाताना ड्रम आणि बल्बने भरलेला बिस्किटाचा डबा आमच्याकडे ठेवला. "साहेब, तुमच्या माळ्यावर राहू द्या. येईन तेव्हा नेईन." ते आले नाहीत.

चाळ रिकामी करताना माळ्यावरून तो डबा निघाला, आणि माझा हा नाद सुरू झाला. पुढे चोर बाजारात शुक्रवारी फिरून मी काचेची द्राक्षे, कंदिलाच्या आकाराचे बल्ब, पत्र्याची चांदणी, सुती वेष्टणाची वायर जमवली. भंगारवाल्याच्या हातगाडीवरून दोन माळा परत आणल्या. घरी त्यावर जे बोलणे खाल्ले ते इथे लिहीत नाही. लोक विचारतात, एलईडीची माळ इतकी स्वस्त आणि वीजही कमी खाते, मग हे कशाला? बरोबर आहे त्यांचे. पण ती बिघडली की फेकतात. अर्धे-अर्धे करून गेलेला दिवा शोधत बसणारा माणूस आता मिळत नाही, आणि त्याचा हिशोब कुठल्याच बिलात येत नाही.

रौप्यमहोत्सवाच्या संध्याकाळी गच्चीवर झगमगाट होईलच. खाली हॉलमध्ये मी मामांचा ड्रम आणि चार माळा लावणार आहे. वायर नवीन घातली आहे, काळजी नसावी. लहान मुलांना जरूर आणा, फक्त हात लावू देऊ नका. कुणाच्या माळ्यावर जुनी माळ असेल तर भंगारात देण्याआधी मला दाखवा. तुटकी असली तरी चालेल. पण परस्पर प्लगमध्ये घालू नका, जुन्या वायरचा भरवसा नसतो.

आणि एक विनंती. जुन्या चाळीतली दहा-बारा कुटुंबे अजून आपल्यात आहेत. त्यांच्यापैकी कुणाचे मामांच्या गावाकडे जाणे-येणे असेल, त्यांच्या मुलांचा पत्ता ठाऊक असेल, तर कृपया मला सांगावा. बँकेत असताना दुसऱ्याची ठेव मी एक दिवसही अडवून ठेवली नाही. ही एक मात्र चाळीस वर्षे माझ्याकडे राहिली आहे.