ओंडका, गाठी आणि एकाहत्तर किलोमीटर

पुण्याबाहेर एका बंद पडलेल्या दगडखाणीत पावसाळ्यानंतर पाणी साठतं. आजूबाजूला घरं नाहीत, पोहायला कुणी येत नाही, म्हणून आम्ही तीन-चार जण रविवारी सकाळी तिथे रिमोटच्या बोटी घेऊन जातो. माझी बोट दोन फुटांची, ब्रशलेस मोटरची. गेल्या नोव्हेंबरात झाकणाखाली एक स्वस्तातलं जीपीएस यंत्र चिकटवून मी ती सोडली. पाच-सहा फेऱ्या मारल्या, एकदा बोट उलटली, ती काठीनं ओढून आणली, पुसली आणि यंत्राचं बटण दाबलं. कमाल वेग, ७१ किलोमीटर प्रतितास. स्क्रीनचा फोटो काढला आणि छंदवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सोबत मोटरचा आणि पंख्याचा नंबरही.

दोन महिन्यांनी ग्रुपमधल्या एका कॉलेजच्या मुलाचा मेसेज आला. ‘दादा, तुमचाच सेट लावला. पन्नाशीच्या पुढे जातच नाही. माझं काय चुकतंय?’ त्यानं क्लासच्या शिकवण्या घेऊन जमवलेले पैसे माझ्या फोटोवर विश्वास ठेवून खर्च केले होते. त्याचं काहीही चुकत नव्हतं.

आमच्या सोसायटीत एक काका राहतात, मर्चंट नेव्हीतून निवृत्त. त्यांना हा किस्सा सांगितला तर म्हणाले, “अरे, आधी हे सांग, वेग कशाच्या तुलनेत मोजलास? पाण्याच्या की जमिनीच्या?” मला प्रश्नच कळला नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा, यांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग जे वाचत गेलो, त्याचा हा गोषवारा.

रस्त्यावरच्या वाहनाला चाक असतं. चाकाचे फेरे मोजले की काम झालं. पाण्यावर मैलाचे दगड नाहीत, आणि खालचं पाणी स्वतःच कुठेतरी निघालेलं असतं. सोळाव्या शतकातल्या युरोपीय खलाशांनी यावर काढलेला उपाय असा: पाव वर्तुळाच्या आकाराची लाकडी फळी घ्यायची, गोल कडेला शिसं लावून ती पाण्यात उभी राहील असं करायचं, तिला लांब दोरी बांधायची आणि जहाजाच्या मागून टाकून द्यायची. फळी पाण्यात जवळजवळ जागच्या जागी राहते, जहाज पुढे जातं, दोरी सुटत जाते. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी. एकाच्या हातात वाळूचं घड्याळ. वाळू संपेपर्यंत हातातून जितक्या गाठी सरकल्या तितका वेग. विल्यम बोर्न या इंग्रजानं १५७४ सालच्या पुस्तकात ही रीत लिहून ठेवली आहे. गाठीला इंग्रजीत नॉट म्हणतात. जहाजाचा वेग आजही नॉटमध्ये सांगतात तो यामुळे.

या फळीचं नाव लॉग, म्हणजे ओंडका. तिच्या नोंदी ज्या वहीत व्हायच्या ती लॉगबुक. मी रोज ऑफिसात सर्व्हरचे लॉग उघडतो, लॉगिन करतो, रात्री अडीच वाजता काही कोसळलं की ‘लॉग बघितले का?’ असं विचारतो. त्यामागे समुद्रात फेकलेलं एक लाकूड आहे हे मला माहीत नव्हतं. पुढच्या गोष्टीत हे थोडं झोंबणारं ठरलं.

गाठींमधलं अंतर किती ठेवायचं, यावर बराच काळ घोळ होता. ते सागरी मैलाच्या लांबीवर अवलंबून, आणि मैल पृथ्वीच्या आकारावर. रिचर्ड नॉरवुड या गणितज्ञानं लंडन ते यॉर्क अंतर मोजून, त्यावरून अक्षांशाच्या एका अंशाची लांबी काढली आणि १६३७ साली छापली. प्रचलित मैल आखूड निघाला, म्हणजे गाठी फार जवळ होत्या, म्हणजे सगळी जहाजं आपला वेग जास्त समजत होती. गंमत अशी, की हे कळल्यावरही पुष्कळ खलाशी जुनीच दोरी वापरत राहिले. कारण व्यवहारी होतं. वेग जास्त धरला तर किनारा आहे त्याहून जवळ आला असं वाटतं, आणि माणूस आधीच सावध होतो. कमी धरला तर रात्री खडकावर आदळायचं. पुढे स्थिरावलेला हिशेब ४७ फूट ३ इंच आणि २८ सेकंद असा. मी तो करून पाहिला. १४.४ मीटर भागिले २८, म्हणजे सेकंदाला ०.५१४ मीटर, म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर. आजचा नॉट १.८५२. ओल्या दोरीच्या आणि वाळूच्या मानानं हे फारच सुंदर आहे.

एकोणिसाव्या शतकात फळीची जागा दोरीनं ओढल्या जाणाऱ्या, पाण्यात फिरणाऱ्या पितळी पात्यांनी घेतली; फेरे तबकडीवर दिसू लागले. तत्त्व तेच. वेग पाण्याच्या तुलनेत, आणि मोजणारा माणूस जहाजावर.

हा दुसरा भाग निकोला टेस्लानं मोडला. नोव्हेंबर १८९८ मध्ये त्याला रेडिओनं नाव चालवण्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यानं हौदात छोटी बोट चालवून दाखवली. बॅटरी, मोटर, सुकाणू, दिवे, सगळं दुरून. माझ्या खाणीतल्या बोटीची ही थेट पणजी. पण बोटीवर माणूसच नाही म्हटल्यावर फळी टाकणार कोण आणि गाठी मोजणार कोण? वेग आता काठावरूनच मोजावा लागणार. वेगवान मॉडेल बोटींच्या छंदानं त्याला तोड काढली. मधल्या खांबाला तार बांधून बोट गोल फिरवायची आणि फेऱ्यांना घड्याळ लावायचं. पुढे मोकळ्या धावणाऱ्या रेडिओच्या बोटींसाठी सरळ, मोजलेलं अंतर आणि दोन टोकांना घड्याळ.

काठावरून मोजण्याचा एक नियम मोठ्या बोटींच्या विक्रमांतून आलेला आहे: एकदा जायचं, उलट दिशेनं परत यायचं, आणि दोन्हींची सरासरी धरायची. वारा किंवा प्रवाह एका बाजूला मदत करत असेल तर दुसऱ्या बाजूला वसूल होतो. हा नियम ऐकायला कारकुनी वाटतो. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधल्या कॉनिस्टन तलावावर डोनाल्ड कॅम्पबेलनं ‘ब्लूबर्ड’ पहिल्या फेरीत ताशी २९७.६ मैलांनी नेली. परतीच्या फेरीला तो लगेच निघाला. बोट तीनशेच्या वर गेली, नाक उचललं गेलं, हवेत उलटली आणि फुटली. कॅम्पबेल गेला. एकाच फेरीचा आकडा विक्रम म्हणून नोंदवला गेला नाही.

आता जीपीएस. त्याआधी १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक वर गेला, तेव्हा अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गायर आणि वायफेनबाख हे दोघे त्याचा आवाज ऐकत बसले होते. जवळ येताना सूर चढतो, लांब जाताना उतरतो. रेल्वेच्या शिट्टीचा तोच डॉप्लर परिणाम. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. त्यांचे वरिष्ठ मॅक्लुअर यांनी प्रश्न उलटा केला. उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही व्यवस्था झाली. तिची एक अडचण मला फार आवडते. जहाजाची जागा सांगण्यासाठी तिला जहाजाचा वेग आधी पुरवावा लागे, आणि तो यायचा जहाजावरच्या लॉगकडून. म्हणजे अवकाशयुगातही ओंडका सुटला नव्हता.

जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला. मे २००० पर्यंत अमेरिकन सरकार नागरी संदेशात मुद्दाम गडबड मिसळत असे. जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची आणि बांधून ठेवलेली नावही चालताना दिसायची. ती गडबड बंद झाली आणि हातात मावणारी यंत्रं मॉडेल बोटींत बसू लागली. टेस्लानं उतरवलेला मोजणारा पुन्हा बोटीवर चढला. फरक इतकाच, की आता तो पाण्याकडे न बघता आकाशाकडे बघतो. म्हणून त्याचा वेग जमिनीच्या तुलनेतला. काकांचा प्रश्न हाच होता. खाणीत प्रवाह नसल्यामुळे मी यातून सुटलो. नदीत सुटलो नसतो.

यंत्र निवडताना खरी मेख पुढे आहे. वेग दोन प्रकारे निघतो. एक, या क्षणाची जागा वजा आधीच्या क्षणाची जागा, भागिले वेळ. दोन, तोच स्पुटनिकवाला डॉप्लर. उपग्रहाचा संदेश सेकंदाला १५७ कोटींहून जास्त आंदोलनांचा असतो. ताशी ४८ किलोमीटरनं धावणाऱ्या बोटीमुळे त्यात जास्तीत जास्त सत्तर आंदोलनांचा फरक पडतो, आणि चांगला रिसीव्हर तो मोजतो. शिडाच्या फळ्यांवरून वेगाच्या शर्यती खेळणारे लोक यासाठीच डॉप्लर वेग नोंदवणारी यंत्रं शोधत असतात. दुसरी गोष्ट, नोंद सेकंदाला किती वेळा होते. माझी बोट सरळ रेषेत जेमतेम चार सेकंद धावते. सेकंदाला एक नोंद म्हणजे चारच आकडे. तिसरी, अँटेना. हा संदेश पाण्यातून आणि कार्बन फायबरमधून जात नाही. अँटेनाला सपाट, वर तोंड करून, उघडं आकाश लागतं.

हे सगळं वाचल्यावर एका रात्री मी ते केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. यंत्राची लॉग फाइल उघडली. ४६, ४७, ४८, ४७, आणि मग ७१, मग १२, मग शून्य. शेजारच्या रकान्यात उपग्रहांची संख्या: नऊ, नऊ, नऊ, नऊ, चार. एकाहत्तर ही बोट उलटतानाची ओळ होती. अँटेना पाण्याकडे वळली, उपग्रह सुटले आणि यंत्रानं उरल्यासुरल्यावरून काहीतरी ठोकून दिलं. स्क्रीनवरचं ‘कमाल’ फक्त सर्वांत मोठा आकडा धरून ठेवतं; तो खरा का, हे विचारणं त्याचं काम नाही. ते माझं होतं. ऑफिसात ज्युनिअरना याच चुकीसाठी मी बोललेलो आहे. जुन्या खलाशांची चूक त्यांना खडकापासून वाचवत होती. माझ्या चुकीनं दुसऱ्याचे पैसे गेले.

रविवारी काका खाणीवर आले. पन्नास मीटरच्या टेपनं मोजून दोन बांबू रोवले, एकाजवळ हात वर करायला मला उभं केलं, दुसऱ्याजवळ स्टॉपवॉच घेऊन स्वतः. बोट मित्राच्या हातात. जाताना ३.८ सेकंद, येताना ३.७. म्हणजे ताशी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. अंगठ्याची चूक दोन दशांश सेकंद धरली तरी दोन-तीन किलोमीटर इकडेतिकडे. एकाहत्तरला अडीच सेकंद लागले असते. इतका कुणाचाही अंगठा चुकत नाही. “आता उलट्या बाजूनं घड्याळ तू धर,” काका म्हणाले. आम्ही तेही केलं.

नवं यंत्र घेतलं आहे. सेकंदाला दहा नोंदी, डॉप्लर वेग आणि उपग्रहांचा रकाना. स्क्रीन नाही, ते मला सोयीचंच वाटलं. ग्रुपवर जुना फोटो, लॉग फाइलच्या सहा ओळी आणि बांबूंचे आकडे एकत्र टाकले. दोघांनी हसण्याचं चिन्ह टाकलं, एकानं विचारलं की मग आपल्या बोटीचे ८३ पण असेच का, आणि त्यानंतर बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. त्या मुलाला फोन केला. पंखा आणि मोटर परत घेतो म्हणालो. तो म्हणाला, “राहू दे दादा, अठ्ठेचाळीस पण चालेल. पण बांबू कुठे मिळाले?” पुढच्या रविवारी तो बोट घेऊन येतो आहे.