हुलग्याला किती शिट्ट्या?

गेल्या पावसाळ्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. "आई, हुलग्याला किती शिट्ट्या?"

"रात्री भिजत घातले होतेस ना? मग चार."

पलीकडे क्षणभर शांतता. "अगं, पण ह्याला शिट्टीच नाही!"

तिने विजेवर चालणारा कुकर घेतला होता. बटण दाबायचे, मिनिटे सांगायची, वेळ झाली की तो आपला आपण थांबतो. मिनिटांचे माप माझ्यापाशी नव्हते. आईने मला शिट्ट्या मोजायला शिकवले. तिच्या सासूने तिला शिकवले होते, 'पाणी दोनदा आटू दे, मग दाणा चेपून बघ.' पिढ्या बदलल्या, मापे बदलली, हुलगा तोच. त्या फोनपासून मी ह्या मापांच्या मागे लागले.

हुलगा तसा आपल्या मातीतला. बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू आणि तुंगभद्रेकाठच्या हल्लूर येथील नवाश्मयुगीन वस्त्यांत हुलग्याचे जळके दाणे सापडले आहेत. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वी इथे कोणीतरी मडक्यात हुलगे शिजवत होते. आम्ही हुलगा म्हणतो, कोकणात कुळीथ, शेजारच्या अक्का हुरळी. त्यांचे हुरळी सारू आणि आमचे कळण ह्यांच्या वाट्या आमच्या दोन दारांमधून कितीदा गेल्या-आल्या असतील! आमची चवळी त्यांच्याकडे अलसंदी, तीच गोव्यात अळसांदे. राजमा आणि घेवडा मात्र पाहुणे. ते अमेरिका खंडातले. युरोपीय जहाजे तिकडे जाऊ लागल्यावर इकडे आले आणि असे रुळले की कोरेगावचा वाघ्या घेवडा आज साताऱ्याची ओळख आहे.

कडधान्य चिवट का? दाण्यातल्या पेशींना जोडून ठेवणारा एक चिकट पदार्थ असतो. तो उष्णतेने सुटला की दाणा मऊ होतो. पाणी जड असेल किंवा दाणा जुना असेल तर तो लवकर सुटत नाही. म्हणून चिमूटभर सोड्याची युक्ती. शिवाय आपले बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर. इथे पाणी साधारण साडेसत्त्याण्णव अंशांनाच उकळते. पणजीला तेच पाणी शंभर अंशांपर्यंत जाते. 'गोव्यात उसळ लवकर होते' असे आई म्हणायची. त्यात तथ्य होते तर!

ह्या अडचणीवरचा उपाय भारताबाहेर निघाला. देनी पापँ ह्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये १६७९ साली घट्ट झाकणाचे भांडे तयार केले. हाडेसुद्धा मऊ करावीत आणि गरिबाला स्वस्त अन्न मिळावे, हा त्याचा हेतू. भांडे फुटू नये म्हणून त्याने वजनाची झडप बसवली. आपल्या कुकरवर शिट्टी वाजवते ते वजन तिचेच वंशज. १६८२ च्या एप्रिलमध्ये रॉयल सोसायटीच्या सभासदांना त्याने ह्याच भांड्यातले जेवण वाढले.

आपल्याकडे १९१० साली कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिक ह्यांनी इक्मिक कुकर काढला. पण तो मंद वाफेचा, दाबाचा नव्हे. दाबाच्या कुकरचे खरे वर्ष १९५९. त्या साली मुंबईत हॉकिन्सचे आणि दक्षिणेत प्रेस्टीजचे काम सुरू झाले. आत एक किलोचा दाब चढला की उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते आणि तासाभराचे शिजणे काही मिनिटांवर येते.

आमच्या घरी कुकर आला तेव्हा आई आम्हा मुलांना स्वयंपाकघरात फिरकू देत नसे. एकदा हुलग्याची साल नळीत अडकली, सुरक्षा-झडप उडाली आणि छतावर तपकिरी डाग पडला. पुढे कित्येक दिवाळ्यांच्या रंगाखालूनही तो डोके वर काढत असे. तरी आईने कुकर सोडला नाही. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेले तास तिला परत मिळाले होते. त्या तासांत ती अक्कांकडून कन्नड वाचायला शिकली.

विजेच्या दाबाच्या कुकरचे एक पेटंट चीनमध्ये १९९१ साली नोंदले गेले. त्यातला दाब सहसा आपल्या कुकरपेक्षा थोडा कमी, म्हणून मिनिटे जरा अधिक लागतात. आणखी एक सांगते, गृहिणींनी ध्यानात ठेवावे: ह्या कुकरात मंद आचेची सोयही असते, तिच्यावर कच्चा राजमा कधी ठेवू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेवर जात नाही, उलट वाढू शकते. राजमा रात्रभर भिजवावा, पाणी टाकावे आणि दाबाखालीच शिजवावा.

राहता राहिला लेकीचा प्रश्न. शिट्टी आचेवर अवलंबून. आच मोठी तर शिट्ट्या भराभर. म्हणजे माझ्या 'चार शिट्ट्या' माझ्या शेगडीच्या, तिच्या घरी त्यांचा अर्थच नाही. मग आम्ही फोनवर बसून भाषांतर केले. पहिल्या दिवशी बारा मिनिटे, दाणा कचकचीत. दुसऱ्या दिवशी वीस, आणि वाफ आपोआप उतरू दिली.

"चेपून बघ," मी म्हटले.

"लोणी झालंय, आई."

पणजीबाईंचे माप शेवटी तेच कामाला आले. वहीत 'चार शिट्ट्या'च्या खाली मी 'वीस मिनिटे' लिहिले आणि त्याखाली, वहीत आजवर कोणीच न लिहिलेले, 'दाणा चेपून बघणे'.