पाचव्या कलमाची कुळकथा

एका मित्रावरचा हल्ला म्हणजे सगळ्यांवरचा हल्ला. ‘नाटो’चं पाचवं कलम एवढ्यावरून ओळखलं जातं, पण ही कल्पना नाटोच्या आधीची. अमेरिका खंडांतल्या देशांनी 1947 साली केलेल्या रिओ करारात ती होती. मार्च 1948 मध्ये ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांनी ब्रुसेल्समध्ये त्याहून कडक वचन दिलं. ज्याच्यावर हल्ला होईल त्याला हाती असेल ती सगळी लष्करी मदत द्यायचीच.

युरोपला अमेरिकेकडूनही हेच हवं होतं. सिनेटला ते चालेना. युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यघटनेने काँग्रेसला दिलेला. तो करारातून परस्पर कसा जाऊ द्यायचा? 1949 च्या सुरुवातीला परराष्ट्रमंत्री डीन अचेसन एकीकडे युरोपचे राजदूत आणि दुसरीकडे कॉनली, व्हँडेनबर्ग हे सिनेटर यांच्यामध्ये नाटो कराराच्या शब्दाशब्दावर झगडत होते. शेवटी ठरलं ते असं : हल्ला सगळ्यांवरचा मानायचा, पण प्रत्येकाने आपल्याला आवश्यक वाटेल ती कृती करायची. सशस्त्र बळाचा उल्लेख आला, सक्ती आली नाही. मी याला पळवाट म्हणणार नाही. ही मोकळीक नसती, तर सिनेटने 82 विरुद्ध 13 मतांनी करार मंजूर केलाच नसता.

सहाव्या कलमाने हद्द आखली : युरोप, उत्तर अमेरिका, फ्रान्सच्या ताब्यातला अल्जीरिया आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेची अटलांटिकमधली बेटं. आपल्याला ही ओळ फार जवळची आहे. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य, पण गोवा या हद्दीबाहेर. डिसेंबर 1961 मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरल्या, तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यासाठी नाटोतला एकही देश शस्त्र घेऊन धावला नाही.

पाचवं कलम पहिल्यांदा लागू झालं ते न्यूयॉर्क-वॉशिंग्टनवरच्या हल्ल्यांनंतर, 12 सप्टेंबर 2001 ला. युरोप वाचवण्यासाठी लिहिलेलं कलम अमेरिकेच्या कामी आलं. नाटोची टेहळणी विमानं जर्मनीतल्या तळावरून जाऊन मे 2002 पर्यंत अमेरिकेच्या आकाशात गस्त घालत होती. हे वॉशिंग्टनने विसरू नये असं मला मनापासून वाटतं.

जून 2025 मध्ये द हेगच्या परिषदेला निघालेले डोनाल्ड ट्रम्प म्हणाले, या कलमाच्या अनेक व्याख्या आहेत. मित्रदेश धास्तावले, पण अर्थ लावायची मोकळीक मूळ मसुद्यातच होती. त्याच परिषदेत सदस्य देशांनी 2035 पर्यंत जीडीपीच्या 5 टक्के रक्कम संरक्षण आणि त्याच्याशी निगडित कामांवर खर्च करायचं कबूल केलं.