खोडदची महादुर्बीण पाहायला जाताय? मोबाइल बंद असताना पोरं कशी सांभाळायची, ते आधी वाचा

जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास इथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि गावोगावच्या शाळांची मुलं बसने येतात. पण या सहलीची एक वेगळी अडचण आहे. आवारात मोबाइल बंद ठेवावा लागतो. एखादं पोरगं गर्दीत चुकलं तर सरांना फोन लागणार नाही. म्हणून तयारी घरूनच करून निघायला हवी.

जीएमआरटी म्हणजे नक्की काय?

पद्मश्री डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ही दुर्बीण उभी राहिली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं पुण्यातलं राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवतं. एकूण ३० डिश आहेत आणि प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, म्हणजे जवळजवळ १४८ फूट. १४ डिश खोडदजवळ एकत्र आहेत. उरलेल्या १६ डिश इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकारात आजूबाजूच्या गावांच्या शिवारात पसरल्या आहेत. सगळा पसारा सुमारे २५ किलोमीटरचा.

रेडिएशनची भीती आहे का?

नाही. मोबाइलचा टॉवर लहरी सोडतो, ही डिश तसं काही करत नाही. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी ती फक्त ऐकते. त्यामुळे डिश पाहिल्याने किंवा तिच्या परिसरात फिरल्याने किरणांचा त्रास होत नाही. धोका आहे तो उंचीचा, हलणाऱ्या अवजड यंत्राचा आणि विजेच्या उपकरणांचा.

मोबाइल का बंद?

ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संदेश खोडदच्या याच डिशनी पकडला होता. जिचे कान इतके तिखट, तिच्या शेजारी चालू मोबाइल म्हणजे कानाशी ढोल वाजवण्यासारखं आहे. फोन सायलेंट केला तरी तो टॉवरशी बोलतच राहतो, म्हणून पूर्ण स्विच ऑफ करा. स्मार्टवॉच आणि ब्लूटूथ इअरफोनही बंद करून बॅगेत टाका. ड्रोन तर आणूच नका.

डिशपासून लांब का राहायचं?

डिश दुरून, नियंत्रण कक्षातून फिरवली जाते. फिरवणाऱ्याला खाली कोण उभं आहे ते दिसेलच असं नाही. आता स्थिर दिसणारी डिश थोड्या वेळाने वळू लागते. म्हणून कुंपण ओलांडू नका, शिडीवर चढू नका, खांबाला टेकून फोटोची हौस नको. शिवारातल्या एकट्या डिशलाही हाच नियम. रस्त्यावरून पाहा, आत शिरू नका.

शिक्षक आणि पालकांनी निघण्याआधी काय करावं?

- भेटीची परवानगी आधीच घ्या. दिवस, वेळ आणि किती मुलं नेता येतील ते विचारा. न विचारता गाडी भरून गेलात तर गेटवरून परतावं लागेल.
- दहा-बारा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा.
- प्रत्येक मुलाच्या खिशात चिठ्ठी द्या. त्यावर मुलाचं नाव, शाळा, सरांचं नाव, बसचा क्रमांक आणि शाळेत किंवा घरी असलेल्या माणसाचा चालू फोन नंबर लिहा. सरांचा फोन बंद असेल, हे विसरू नका.
- पाणी, टोपी आणि प्रथमोपचाराची पेटी सोबत घ्या. फेब्रुवारी संपताना दुपारचं ऊन चांगलंच लागतं.

आत गेल्यावर

- पहिलं काम म्हणजे भेटण्याची एक जागा ठरवणं. ती मुलांना बोटाने दाखवा. ‘चुकलास तर इथे येऊन थांब, शोधत फिरू नको’ एवढं पक्कं सांगा.
- हातातल्या घड्याळावर वेळ ठरवून दर तासाला मुलं मोजा. बसमध्ये चढताना पुन्हा मोजा.
- गरज पडली तर संपर्क कुठून करायचा, प्रथमोपचार कुठे मिळतो, हे गेटवरच्या सुरक्षारक्षकाला आत शिरतानाच विचारून ठेवा.
- कुणाला चक्कर आली, लागलं, तर आधी तिथल्या कर्मचाऱ्याला सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर तातडीसाठी ११२ हे नंबर आहेत.
- प्रदर्शनातल्या मांडणीत वायरी आणि बॅटऱ्या असतात. विचारल्याशिवाय हात लावू नका.

वारा किंवा वीज आली तर?

जोराचा वारा सुटला की डिशचं तोंड आकाशाकडे सरळ करून ती थांबवतात. तेव्हा आडोसा म्हणून डिशखाली किंवा झाडाखाली जाऊ नका. विजा कडाडत असतील तर इमारतीत किंवा बंद बसमध्ये बसा.

परतताना

अंधार पडायच्या आत निघा. जुन्नर हा बिबट्याचा पट्टा आहे. उसाच्या कडेला बस थांबवून मुलांना खाली उतरवू नका.

एवढं पाळलं की फोन बंद असला तरी काळजी नाही. उलट त्या दोन-तीन तासांत पोरं स्क्रीन सोडून आकाशाकडे बघतील, तेही थोडं नाही.