बारकोड-वाचन, प्रतिमेवरून

स्कॅन केलेल्या कागदाच्या प्रतिमेत बारकोड कोठे आहे हे शोधून त्यातील अंक वा अक्षरे सॉफ्टवेअरने काढण्याची प्रक्रिया. दुकानातील लेसर वाचक कोडवरून पुन्हा फिरवता येतो. प्रतिमेत मात्र जे उमटलेच नाही ते मागाहून मिळवता येत नाही, त्यामुळे वाचनाचे यशापयश बहुधा कागद स्कॅनरवर असतानाच ठरते.

प्रथम करड्या छटांची प्रतिमा काळ्या-पांढऱ्या बिंदूंत बदलतात. कोणत्या छटेपुढे बिंदू काळा मानायचा ही मर्यादा पानाच्या प्रत्येक भागासाठी वेगळी काढल्यास सावली पडलेले कोडही वाचता येतात. मग समांतर रेघांचा दाट पट्टा हेरून त्यावर आडव्या वाचनरेषा टाकतात आणि रेघांची व मधल्या मोकळ्या जागांची रुंदी मोजतात. रेघांच्या उंचीत कोणतीही माहिती नसते. पण तिच्यामुळे अनेक वाचनरेषांना वाव मिळतो व एके ठिकाणी शिक्का पडला असला तरी दुसरीकडून वाचन होते.

वस्तूंच्या वेष्टनावरील १३ अंकी ईएएन कोड ९५ एककांचा असून मूळ आकारात एक एकक ०.३३ मिमी. असते. इंचाला २०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये त्याच्या वाट्याला जेमतेम अडीच बिंदू येतात, तर ३०० बिंदूंच्या स्कॅनमध्ये सुमारे चार. जुन्या फॅक्सच्या प्रती वाचताना सॉफ्टवेअर अडखळते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. या कोडचा पहिला अंक रेघांनी थेट छापलेलाच नसतो. पुढील सहा अंकांपैकी प्रत्येक अंक दोन नमुनासंचांपैकी कोणत्या संचातून घेतला आहे, त्या क्रमावरून तो ताडला जातो.

शेवटचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या अंकांना डावीकडून क्रमाने १ व ३ यांनी गुणून आलेल्या बेरजेत तो मिळवल्यावर १० ने निःशेष भाग जावा लागतो. एक अंक चुकल्यास ही कसोटी ते हटकून दाखवते. मात्र ५ चा फरक असलेले शेजारचे दोन अंक उलटसुलट झाल्यास तिला पत्ता लागत नाही. डेन्सो वेव्हच्या १९९४ मधील क्यूआर कोडमध्ये दुरुस्तीचीच सोय असून सर्वोच्च स्तरावर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी माहिती परत मिळते.

खरा धोका न वाचलेल्या कोडपेक्षा चुकीच्या वाचलेल्या कोडचा असतो, कारण तो कुणाच्या लक्षात येत नाही. खोक्यांवरील ‘इंटरलीव्ह्ड टू ऑफ फाइव्ह’ प्रकारात तिरकी वाचनरेषा कोडाच्या मधूनच बाहेर पडली, तर एखादा तोकडा, पण नियमांत बसणारा आकडा हाती येऊ शकतो. म्हणून अपेक्षित अंकसंख्या सॉफ्टवेअरला आधीच नेमून देतात आणि कोडाच्या वर-खाली जाड आडव्या पट्ट्या छापतात.