शिवड्याचा गळ

मासेमारीचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते जाळं. गळाकडे आपण रिकामटेकड्याचा उद्योग म्हणूनच पाहतो. 'गळ टाकून बसलाय' असं कुणी कौतुकाने म्हणत नाही. पण याच गळावर सविस्तर लिहिलं ते चक्क एका राजाने!

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत सारं काही आहे आणि त्यातच 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरणही आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेसाठी श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केला. राजा माशांची वर्गवारी करतो : समुद्रातले आणि नदीतले, मोठे आणि लहान, खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे. कोणत्या माशाला काय खाऊ घालावं, हेही सांगतो. यातल्या 'बिनखवल्यांचे' या शब्दाशी मी थांबलो. कारण शिवडा, शिंगाळा, मांगूर हे आपल्याकडचे मिशाळ मासे, इंग्रजीत ज्यांना कॅटफिश म्हणतात, ते सारे बिनखवल्यांचे. त्यांच्यासाठी गळाची मांडणीच निराळी करावी लागते. हे मला ग्रंथातून कळलं नाही, मामांकडून कळलं.

मामांचं गाव भीमाकाठी. १९६८ सालच्या उन्हाळ्यात मी दहा वर्षांचा होतो. मामा संध्याकाळी ओट्यावर बसून गळ बांधायचे. गळाच्या दोरीला आमच्याकडे तंगूस म्हणतात. जाड तंगूस घ्यायचा. त्यात मधोमध भोक पाडलेलं शिसं ओवायचं, पण त्याला गाठ मारायची नाही. शिसं दोरीवरून मोकळं सरकलं पाहिजे. त्याच्या खाली एक मणी आणि गाठ, म्हणजे शिसं गळापर्यंत घसरणार नाही. मग वीतभर तार, आणि तारेच्या टोकाला गळ.

शिसं मोकळं का? मी विचारलंच. मामा म्हणाले, "अरे, शिवडा तळाशी हिंडतो, म्हणून शिसं पाहिजे. पण त्यानं घास घेतला आणि वजन जाणवलं, की तो टाकून देतो. दोरी शिशातून सरकली पाहिजे, शिसं तिथंच पडून राहिलं पाहिजे."

आणि तार कशाला? याचं उत्तर मी स्वतःच्या मूर्खपणाने मिळवलं. सायकलच्या ब्रेकच्या तारेचे पदर सोडवून, दोन-दोन एकत्र पिळून मामा ती वीतभर तार करायचे. मला तो खटाटोप नकोसा वाटला. एका रात्री त्यांच्या नकळत मी गळ सरळ तंगुसालाच बांधला, बेडूक लावला आणि डोहात सोडला. काठावर रोवलेल्या काठीला घुंगरू बांधलेलं होतं. मध्यरात्री ते वाजलं. मी दोरी धरली, तळहात कापला गेला, आणि एकदम सगळं सैल पडलं. दोरीचं टोक बाहेर आलं ते कातरल्यासारखं नव्हतं, कानशीने घासल्यासारखं पिंजलेलं होतं. मामा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आता तो गळ घेऊन फिरेल बिचारा."

पुढे कॉलेजात अमरकोश चाळताना पाठीन माशाला 'सहस्रदंष्ट्र' असा पर्याय दिलेला दिसला. हजार दातांचा! पाठीन म्हणजे शिवडाच, असं मत्स्यशास्त्रज्ञ मानतात. कोशकाराचा तंगूस शिवड्याने कधी तोडला होता की काय, कोण जाणे.

या साध्या वाटणाऱ्या साधनात जग किती होतं, तेही पाहा. आधी दोरी सुताची किंवा तागाची असे. १९३८ साली अमेरिकेत नायलॉन जाहीर झालं आणि नंतर त्याचा तंगूस खेड्यापाड्यांत पोचला. गावच्या लोहाराच्या गळाची जागा यंत्रावरच्या गळाने घेतली. नॉर्वेच्या मुस्टाड कंपनीकडे असं यंत्र १८७७ पासून होतं. तार सायकलची. बेडूक तेवढा गावचा!

याच नद्यांच्या काठाने मामांच्या आधी सव्वाशेहून अधिक वर्षं एक गोरा अधिकारी हिंडत होता. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी विल्यम साइक्स. त्याने दख्खनच्या माशांची वर्णनं लिहिली. ती १८३९ साली प्रसिद्ध झाली. त्याने नवी नावं देताना स्थानिक नावंच पुष्कळदा उचलली. म्हणून आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत 'सिंघाला', 'सिंगटी', 'गोग्रा' अशी नावं आहेत. आपले शिंगाळा, शिंगटी आणि घोगऱ्याच ते. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या एका दांडग्या मिशाळ माशाला मात्र त्याने विल्यम यारेल या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाचं नाव दिलं. तिथे आपलं नाव हुकलं. नदीकाठच्या कुणी साइक्सला ही नावं सांगितली, त्यांनी तो मासा कसा धरला, शिसं मोकळं ठेवलं होतं की बांधलेलं, हे त्या शास्त्रीय नावांतून कळायला मार्ग नाही.

उजनी धरणात पाणी अडलं. मामांचं गाव उठलं, डोह गेला. खरं तर डोह गेला नाही, वरच्या पाण्यात हरवला. कुठल्या खडकाखाली शिवडा बसतो, हे मामांना डोळे मिटून ठाऊक होतं. ते सगळं एकसारखं सपाट पाणी झालं. आता उजनी म्हटलं की चिलापी. शिवड्याची नोंद जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' अशी झाली आहे. मामा नव्या गावठाणात राहायला गेले, पण गळ बांधताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. "खोली ठाऊक नसलेल्या पाण्यात काय टाकायचं?" म्हणायचे.

त्यांचं एक शिसं माझ्या टेबलाच्या खणात आहे. भोक मधोमध पाडलेलं होतं. दोरी सरकून सरकून ते एका बाजूने झिजलं आहे.