रक्ताची आंबटी

हळदीत चुना कालवला की ती लालबुंद होते आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळी पडते, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. पण किती लाल म्हणजे किती क्षार, हा प्रश्न त्यांना पडला नाही. पडावा तरी कशाला? कुंकू झाले म्हणजे काम झाले! तो प्रश्न पडला कोपनहेगनला, आणि तोही बिअर गाळणाऱ्यांच्या पदरी असलेल्या शास्त्रज्ञाला.

कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन हे रसायन विभागाचे प्रमुख होते. एन्झाइमे आणि प्रथिने हा त्यांचा विषय. एन्झाइमांचा स्वभाव मोठा लहरी. आम्लता थोडी इकडची तिकडे झाली की त्यांचे काम मंदावते. पण आम्लता मोजायची कशी? शिरक्यातले आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल सारख्या मापाचे घेतले, तर दोन्ही क्षार सारखाच खातात. तिखटपणात मात्र जमीनअस्मानाचा फरक. खरे महत्त्व पाण्यात मोकळ्या झालेल्या हायड्रोजन आयनांना. ते इतके थोडे, की आकडा लिहायचा तर दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागावी. १९०९ साली सोरेन्सननी ती रांगच मोडीत काढली आणि सुटसुटीत ‘पीएच’ दिला. शुद्ध पाण्याचा सात. एक अंक उतरला की आम्लता दसपट!

ताडून पाहण्यासाठी त्यांनी ठरावीक पीएचची बफर द्रावणेही सिद्ध केली. बफर म्हणजे घरातले पोक्त माणूस. थोडे आम्ल वा क्षार अंगावर आले तरी डगमगत नाही. आपले रक्त असेच पोक्त आहे. त्याचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्या दरम्यान राहतो. तो बायकार्बोनेट आणि कार्बॉनिक आम्ल यांच्या प्रमाणावर ठरतो, हे अमेरिकेतील हेंडरसन आणि कोपनहेगनचेच हासेलबाल्क यांनी दाखविले. लक्षात घ्या, प्रमाणावर. नुसत्या बायकार्बोनेटवर नव्हे.

हा बारकावा मला पंडिती वाटला असता. पण १९५२ साली त्याच शहरात पोलिओची भयंकर साथ आली. ब्लेग्डाम रुग्णालयात श्वसनयंत्रावर ठेवलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा एकूण साठा वाढलेला होता. डॉक्टरांनी त्याचा अर्थ लावला, की रक्त क्षारधर्मी झाले आहे. भूलतज्ज्ञ इब्सेन यांना तो पटेना. हे रुग्ण पुरेसा उच्छ्वास टाकू शकत नाहीत, कोंडलेल्या वायूने त्यांचे रक्त आंबते आहे, असे त्यांचे म्हणणे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतील आस्ट्रुप यांनी रक्ताचा पीएचच मोजला, आणि रक्त खरोखर आम्लधर्मी निघाले!

२७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी बसविण्यात आली आणि इब्सेननी रबरी पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा घातली. मुलगी वाचली. पण असे रुग्ण कितीतरी, आणि पिशवी तर दिवसरात्र दाबायला हवी. तेव्हा सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून खाटांशेजारी बसले. पुढे कित्येक महिने, एका हाती पिशवी आणि समोर एक जीव, असा त्यांचा अभ्यास चालू राहिला.